सुभेदार आण्णा आणि मागं सरकलेली ट्रॉली

पलूसच्या आमच्या गल्लीत सुभेदार आण्णांची मोटार तपासणीशिवाय कधी हलली नाही. हात पाठीमागे बांधून आण्णा तिच्याभोवती फेरी मारत, प्रत्येक चाकाला बुटाची ठोकर देत आणि मगच काकूंना म्हणत, "चढा." लष्करातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मोटारीत 'बसायचं' असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्या शेजारचा शाळामास्तर. विम्याची मुदत संपत आली की आण्णा मला रफिकभाईंच्या दुकानात घेऊन जात. रफिकभाई टायर विकत आणि विमेही उतरवत.

"सगळ्यात हलका कागद द्या," आण्णा म्हणत. "इमा पोलिसाला दाखवायपुरता असतोय."

"आवं आण्णा, हलक्या कागदात दुसऱ्याचं नुकसान भागतंय, तुमच्या गाडीचं न्हाई. आपल्याकडं पावसाळ्यात कृष्णामाई दारात येती, हिवाळ्यात उसाची ट्रॉली येती. उन्हाळ्यात तेवढं तुमी मोकळं!"

"आमचं पोरगं पुण्यात ऱ्हातंय, त्याची गाडी रोज घासती. हितं कोण घासणार? म्हस?"

"म्हस परवडली. पर म्हशीचा मालक पाव्हणा निघतोय, आन् मग भरपाई मागायची कुणाकडं?"

शेवटी आण्णांनी पूर्ण विमा घेतला, तो वेगळ्याच कारणानं. वर्षभर भरपाई मागितली नाही तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते, हे त्यांना कळलं. "म्हंजे शिस्तीचं मेडल!" ते खूश झाले. सांगलीला मेहुण्याचं घर नदीकाठी, म्हणून इंजिनात पाणी शिरलं तर मिळणारं जादा संरक्षणही घेतलं. पुढे एकदा शेजाऱ्याची शेळी बॉनेटवर चढून नाचली आणि पत्रा चेपला. मेडल जाईल म्हणून आण्णांनी त्या खड्ड्यावर तिरंग्याचं स्टिकर लावलं. लोकांना ती देशभक्ती वाटली.

उसाचा हंगाम सुरू होता. आण्णा-काकू लेकीकडे रहिमतपूरला निघाले होते. गावाअलीकडच्या चढावर पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कण्हत चालला होता. त्यावर गाणी मोठ्यानं वाजत होती आणि मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना नंबर. चढ संपता संपता ट्रॅक्टरनं दम सोडला. ट्रॉली मागं सरकली ती थेट आण्णांच्या बॉनेटवर. तिरंग्यासकट पत्रा काचेपर्यंत आला आणि काकूंचं मनगट मोडलं.

ट्रॅक्टरवरून उतरले ते आण्णांचे व्याही, बापूसाहेब.

"आण्णा, तुमी व्हय?" ते म्हणाले. जणू दुसरं कुणी असतं तर चाललं असतं.

काकूंच्या हाताला प्लास्टर घातलं जाईपर्यंत दवाखान्यात दोन्हीकडचे पाहुणे जमले. माणूस जखमी झालेलं, म्हणजे पोलिसात नोंद आली. नोंद आली की व्याह्यांचं नाव आलं. आणि ट्रॉलीचा विमा? "तिला नंबरच न्हाई, तर इमा कशाचा?" बापूसाहेब निरागसपणे म्हणाले. सर्वानुमते ठरलं की गाडी झाडावर आदळली. लेकीनं बापाला बाजूला घेतलं. "आण्णा, मला त्या घरात नांदायचंय," एवढंच ती म्हणाली.

पाहणीसाठी विमा कंपनीकडून एक तरुण बाई आल्या. मीही तिथं होतो.

"झाड कसलं होतं?"

"बाभळ," आण्णा म्हणाले. "लिंब," त्याच क्षणी बापूसाहेब म्हणाले.

बाईंनी बॉनेटवरचा निळा रंग नखानं खरवडला. "आणि झाडाला रंग दिला होता?"

आण्णांनी गळ्यात हात बांधून उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. मग ताठ झाले. "बाई, ल्ह्या. ट्रॉली हुती. आमच्या व्याह्यांची. उभ्या जन्मात मी खोटा रिपोर्ट दिला न्हाई, आज तोंडातनं गेला. झाड कदी मागं सरकत न्हाई."

त्याच दिवशी ते स्वतः ठाण्यात गेले. गाडीची भरपाई मिळाली, मेडल गेलं. काकूंच्या दवाखान्याचा खर्च बापूसाहेबांना घरातून द्यावा लागला. मग त्यांनी लेकीचं माहेर बंद केलं. गावातले शहाणे म्हणाले, "सुभेदाराला येव्हार कळत न्हाई." त्या दिवाळीत लेक आली नाही. आण्णा दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले. "पस्तावलासा का?" मी विचारलं. "न्हाई," ते म्हणाले. "पर लय जड जातंय, मास्तर."

गेल्या वर्षी आण्णा झोपेतच गेले. तिसऱ्या दिवशी लेकीला घेऊन बापूसाहेब आले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आण्णांनी मला ठाण्याची पायरी चढायला लावली. लय राग धरला मी. पर त्यापायीच ट्रॉल्यांना नंबर घेतला, दिवं लावलं, इमा उतरवला. औंदा रातीचं एक पोरगं मोटारसायकलवरनं मागनं आलं, लांबनंच दिवं बघून थांबलं. आण्णा खरं बोललं म्हणून ते वाचलं."

काकूंनी नीट न जुळलेल्या मनगटावरून पदर ओढून घेतला.

"ह्ये त्यास्नी सांगायचं हुतं," त्या म्हणाल्या. "दारातच बसल्यालं असायचं की."