चुकीच्या भिंतीवरचा अलार्म

ती केस आठवली की अजूनही मी उठून खोलीची खिडकी किलकिली करतो. बायको म्हणते, निवृत्त झालात, आता तरी थंडीत खिडकी लावा. मी लावत नाही.

तेव्हा मी भोर तालुक्यात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. भाटघरच्या पाण्याकडच्या एका वाडीतून सकाळी खबर आली. एक तरुण बाळंतीण खोलीत बेशुद्ध सापडली होती, नवऱ्याने तिला पुण्याला हलवलं होतं, आणि सासूचं म्हणणं होतं की न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईने काढ्यातून काहीतरी घातलं. ही बाई भोरातल्या एका मुसलमान घरातली, साठीची विधवा. आसपासच्या गावांतली कितीतरी लेकरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. सगळे तिला मावशी म्हणत. मला धास्ती वाटली ती तिच्या धर्मावरून गावं पेटण्याची. अशा वेळी अफवा पायी चालत नाही, मोबाईलवर बसून येते.

मी जागेवर गेलो. बाळंतिणीची खोली लहान, स्वच्छ. बाज, बाजेखाली विझलेली शेगडी, दोरीवर बाळाची दुपटी. काढ्याची बाटली पंचांसमक्ष सील केली. स्वयंपाकघरात सिलिंडरच्या वर, भिंतीवर एक पांढरी डबी दिसली. नवरा कारखान्यात कामाला होता. तिथे कुणी सुरक्षिततेची माहिती दिली, म्हणून त्याने विषारी वायूचा अलार्म विकत आणून लावला होता. मी बटण दाबून पाहिलं, कानठळ्या बसतील असा वाजला.

"आज सकाळी वाजला होता का?" मी सासूला विचारलं.

"न्हाई बा. गप हुता."

मी पंचनाम्यात लिहिलं: अलार्म चालू स्थितीत, वाजलेला नाही. वायूचा विषय तिथेच संपवला. उरला काढा आणि उरली मावशी. बाळंतिणीची वीस दिवसांची मुलगी त्या वेळी आजीच्या, म्हणजे या सासूच्याच, मांडीवर अंगणात उन्हाला होती, म्हणून ती धडधाकट होती.

दुपारी मावशीला ठाण्यात आणलं. महिला कॉन्स्टेबल शेजारी बसवली आणि जबाब घ्यायला सुरुवात केली. बाहेर फाटकाशी वाडीची माणसं जमू लागली होती. 'अटक करा' एवढंच ऐकू येत होतं. पुण्याहून डॉक्टरांचा निरोप अजून आला नव्हता.

"सकाळी कुठं होतात?" हा प्रश्न मी तिला तीनदा विचारला. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्यांदा काहीतरी वाढवून सांगतो. मावशीने तिन्ही वेळा तेच सांगितलं, न्हाऊ घालून ती पुढच्या घरी गेली होती.

"सासूशी तुमचं भांडण झालं होतं?"

"व्हय. का झालं न्हाई म्हनू? म्या म्हनले खिडकी उगडी ठिवा. त्या म्हनल्या वारं लागंल. दाराच्या फटीत बी चिंद्या कोंबल्यात त्यांनी."

"खिडकीवरून एवढं भांडण?"

"साहेब, पोरगी चार दिस म्हनत हुती डोकं उठलंय, मळमळतंय. म्या तिला अंगनात आनून बसवली की घटकाभरात बरी व्हायची. आत गेली की पुन्ना तेच."

माझं पेन थांबलं. काढा तर ती आतही पीत होती आणि अंगणातही.

"आत काय असतं?"

"काय असनार? शेक. बाजेखाली इंगळाची शेगडी, वर ओवा-शेपाची धुरी. धूर गेला की दार लावून घ्यायचं."

"पण अलार्म वाजला नाही."

"त्यो सैपाकघरात हाय नव्हं? शेगडी बाळंतिनीच्या खोलीत."

निखाऱ्यातून निघणारा तो विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, दिसत नाही, त्याला वास नाही. "तान्ही मुलगी आत्ता कुठं आहे?" मी विचारलं.

"आजीपाशी. त्याच खोलीत आसंल. लेकराचा बी सांजचा शेक पाचाला आसतो."

घड्याळात पाच वाजून गेले होते. घरी फोन लावला, नुसती रिंग वाजत राहिली. पोलीस पाटलाला लावला, तर तो माझ्याच फाटकासमोरच्या गर्दीत उभा. सगळी वाडी अटकेसाठी इथे, आणि तिकडे बंद खोलीत आजी आणि तान्ही पोर.

"मला बी घ्या," मावशी उठली. "लेकराला कसं धरायचं ते मला ठावं."

गर्दीला वाटलं तिला अटकेतच नेतोय. वाट मिळाली. मी पोलीस पाटलालाही जीपमध्ये कोंबलं. त्या वळणांवर ड्रायव्हरला मी आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली.

दार आतून लावलेलं नव्हतं, पण चिंध्यांमुळे घट्ट बसलं होतं. खांद्याने ढकललं. आजी भिंतीला टेकून कलंडलेली, मांडीवर मूल निपचित. मावशीने मूल उचललं आणि धावत अंगणात गेली. आम्ही आजीला ओढून बाहेर काढलं. मावशी मुलीचे तळवे चोळत होती, नाव घेऊन हाका मारत होती. ते क्षण मला कुणी परत देऊ नयेत. मग मुलगी रडली. मीही रडलो, लपवत नाही.

दोघींना जीपमधून दवाखान्यात रवाना केलं. मी स्वयंपाकघरातला अलार्म काढला, पोलीस पाटील आणि एका शेजाऱ्याला पंच केलं, डबी बाजेवर उशाशी ठेवली आणि खालची शेगडी धगधगतीच ठेवून दार ओढून घेतलं. काही मिनिटांत ती अशी किंचाळली की गोठ्यातली म्हैस दावं तोडू लागली. रात्री पुण्याहून निरोप आला, सुनेच्या रक्तात तोच वायू सापडला होता. काढ्यातही पुढे तपासणीत काही निघालं नाही. सून वाचली, आजी आणि नातही वाचल्या.

आजीचा राग मी कधी केला नाही. तिने चिंध्या मायेनेच कोंबल्या होत्या. राग माझा मलाच आला. आता कुणी विचारलं की सांगतो, हा अलार्म जिथे माणूस झोपतो तिथे लावा, झोपलेल्याच्या तोंडाच्या उंचीला, पडद्यामागे नाही, खिडकीला खेटून नाही. गॅस गिझर असेल तर त्या बाजूच्या खोलीतही एक हवा. सिलिंडरची गळती सांगणारं यंत्र वेगळं, ते खाली जमिनीजवळ लागतं. आणि अलार्म लावला म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवू नका.

काही महिन्यांनी भोरच्या बाजारात मावशी भेटली. मी माफी मागितली. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"साहेब, मला तुमी तीन डाव इचारलंत, सकाळी कुठं हुतात. त्या डबीला येकदा बी न्हाई इचारलं."