कुलीपा एजेची पक्कड

कुलीपा एजेच्या उजव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन नारिन शहराच्या वाटेवरच्या एका विजेच्या खांबावर गेली. बावीस वर्षं ती लाइनमन होती. बाईमाणसाला लाइनमन कसं म्हणायचं, हे कुणाला सुचेना, म्हणून सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणू लागले. बोटं गेली त्या दिवशीही ती लाइन बंद करूनच चढली होती. खाली कुणीतरी जनरेटर सुरू केला, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरातल्या सॉकेटात खुपसली आणि वीज उलटी फिरून खांबावर आली. तो कोण, हे गावाने आजवर सांगितलं नाही. सगळे एकमेकांचे सोयरे, तोंड उघडणार कोण?

तेव्हापासून कुणाच्या घरी जनरेटर आला की एजे खिशात पक्कड घालून बिनबोलावता हजर. लोक तोंडावर चहा देत आणि पाठीमागे तिला ‘फौजदारीण’ म्हणत. तिला दोन्ही ठाऊक होतं. चहा ती पिऊन जायची.

मार्चमध्ये गावातल्या ओरोझबेकच्या नातीची दोर-कापणी होती. चालायला लागलेल्या लेकराच्या पायांना काळा-पांढरा दोर बांधायचा, पाहुण्यांनी शर्यत लावायची आणि पहिला येईल त्याने दोर कापायचा, की पोर आयुष्यात अडखळत नाही. शंभर पाहुणे, कढईत मेंढा, आणि ऐन वेळी ओल्या बर्फाने वीज गेली. गावचा आताचा लाइनमन तोलोगोन दुरुस्तीला ओढ्यापलीकडच्या खांबावर चढला. त्याला खांबावर चढायला एजेनेच शिकवलं होतं.

एजे चहा ओतून घेत होती, तोच ओसरीवरून जनरेटरची घरघर आली आणि दिवाणखान्यातले दिवे लागले. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. एजेने वाटी तिथेच टाकली आणि पळाली. साठी उलटलेली बाई, ढोपरं दुखरी, पण पळाली.

बंदिस्त ओसरीवर धूर कोंडला होता आणि त्यातून एक वायर थेट सॉकेटात गेली होती.

“मेन बंद केलंय, एजे!” मागून ओरोझबेक ओरडला. “मला काय दूधखुळा समजलीस?”

एजेने मीटरचं झाकण उघडलं. बटण वर होतं, म्हणजे मेन चालूच.

“हे कुणी केलं?”

“मी,” ओरोझबेकचा मेहुणा म्हणाला. “गावातली वीज आली का, ते बघत होतो.”

एजेने आधी जनरेटर बंद केला. मग मेन पाडलं, वायर उपटली आणि पकडीने तिचे दोन तुकडे केले.

“शंभर माणसांत माझी लाज काढलीस!”

“तुझी लाज उद्या परत येईल. खांबावरचा तोलोगोन आला असता का? दोर कापायचाच दिवस आहे ना आज? हा घे, कापला!”

कुणी हसलं नाही. एजेने जनरेटर ओढत अंगणात नेला, भिंतीपासून लांब ठेवला, आणि त्यालाच दोन लांब वायरी लावून फक्त फ्रीज आणि दोन दिवे चालवले. घराच्या वायरिंगला हात लावू दिला नाही. “घरभर उजेड हवा तर चेंजओव्हर स्विच बसव, म्हणजे जनरेटरची वीज खांबावर जाणार नाही. तोवर अंधारात जेव.”

तासाभराने तोलोगोन बर्फ झटकत आत आला. “हातमोजा फाटला होता, उघड्या हातानेच लाइन जोडली,” म्हणत त्याने बेसबरमकच्या, म्हणजे मटण-शेवयांच्या, ताटात हात घातला. पाची बोटांनी जेवू लागला. ओरोझबेक त्या हाताकडे बघत राहिला.

मग नातीला सतरंजीवर उभं केलं, पायांना दोर बांधला. ओरोझबेकने हाक दिली, “चला, शर्यत लावा!”

नुरझात त्याची सून, नातीची आई. सासऱ्यापुढे ती कधी आवाज चढवत नसे. सुरी घेऊन ती उठली आणि तिने ती एजेच्या तीन बोटांत ठेवली.

“शर्यत झाली, बाबा. एजे पहिली आली.”