झेंडा आमचा, होडी त्यांची

माझी सून पेई-रोंग बेचाळीस वर्षांची होईपर्यंत आम्ही सगळे तिला वेंधळीच म्हणायचो. मी जरा जास्तच म्हटलं असेल. भाताचं भांडं विजेवर लावायची, तांदूळ घालायची नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची, शेजारणीची कोंबडी दिसली की तिच्यामागे खाली यायची, बादली वरच. नोकऱ्या आठ झाल्या. एका शिंप्याकडे तर दुपारच्या जेवणापर्यंतच टिकली.

मग डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हा वेंधळेपणा नव्हे, याला एडीएचडी म्हणतात. लक्ष एका जागी ठरत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, जन्मापासूनचं आहे. गोळ्या दिल्या. वर म्हणाल्या, "रोज सकाळी घाम निघेल असा खेळ खेळा. पण कंटाळा येणारा नको."

आधी मीच तिला देवळासमोर नेलं. तिथं आम्ही म्हाताऱ्या मिळून ताई-चीचा संथ व्यायाम करतो. आमचा हात खांद्यापर्यंत येईतो हिचं सगळं आटपून ही सोयादूध घेऊन परत आली. तितक्यात नदीवरून ढोल ऐकू आला आणि बाई दूध माझ्या हातात देऊन तिकडे पळाल्या.

आमच्या खालच्या आळीच्या ड्रॅगन-होडीचा, म्हणजे पुढे ड्रॅगनची मान नि तोंड कोरलेल्या लांब होडीचा, सराव चालला होता. होडीचे प्रमुख थिएन-लाय, माझे चुलतदीर. एक माणूस कमीच होता, म्हणून हिला बसवलं. ढोल पडला की वल्हं मारायचं, चुकलं की मागचा शिव्या घालतो, तोंडावर पाणी उडतं. इकडेतिकडे भटकायला डोक्याला फुरसतच नाही! तेव्हापासून रोज पहाटे पाचला नदी आणि तिथून थेट शेवयांच्या सूपच्या दुकानात कामाला. अकरा महिने झाले, ते काम टिकलंय. मालक मला म्हणाले, "आजी, सराव बुडाला की त्या दिवशीचं सूप खारट होतं."

यंदा चांद्र पाचव्या महिन्यातल्या सणाच्या शर्यतीआधी झेंडेवाल्याची कंबर धरली. आमच्याकडे ड्रॅगनच्या मानेवर पालथं पडून, हात लांबवून पाण्यातला झेंडा जो आधी उपटेल त्याची होडी जिंकते. पेई-रोंग हलकी, तिलाच पुढे घातलं. थिएन-लाय बोटं नाचवत म्हणाले, "काही घोळ घातलास तर पुढच्या वर्षी काठावरून टाळ्या वाजवायच्या."

सणाला बांबूच्या पानात भात बांधताना ती मला म्हणाली, "आई, होडी गेली तर दुकानही जाईल. मला माहितीय ना माझं."

"जाणार नाही. आणि ही चौथी पुडी तू बांधलीस, तीत भात नाहीये."

शर्यतीला आमची आणि वरच्या आळीची होडी अगदी नाकाला नाक. पेई-रोंग इतकी लांब झाली की पाय तेवढे होडीत, बाकी सगळी बाई हवेत. उपटला झेंडा! अर्ध्या हातानं आधी! मी ओरडले तेव्हा माझी कवळी हातात आली.

आणि आनंदानं ही बया तो आम्हाला दाखवायला ओल्या मानेवर उभी राहिली. धपकन पाण्यात! आमची होडी वेगात पुढे निघून गेली. मागून वरच्या आळीवाल्यांनी तिला बखोटीला धरून आपल्या होडीत ओढलं. झेंडा आमचा, होडी त्यांची. तशीच ती पंचांसमोर उतरली, त्यांचाच चहा पीत.

पंचांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "झेंडा होडीतून आला पाहिजे, असा नियम. आणि तो वरच्या आळीच्या होडीतून आला. म्हणजे जिंकले ते."

थिएन-लायांचं तोंड लालबुंद. "वल्हं ठेव आणि घरी जा! परत नदीकडे फिरकू नकोस!"

पेई-रोंगचा चेहरा एवढासा झाला. वरच्या आळीचे प्रमुख चिन-फू पोट धरून हसत पुढे आले. "थिएन-लाय, तुला नको तर आम्हाला दे. एवढी लांब पोचणारी बाई आमच्याकडे नाही. ये गं पोरी, उद्या पाचला, वरच्या धक्क्यावर."

"खरंच येऊ?" तिनं विचारलं. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, होडी मिळाल्याशी कारण.

"येऊ म्हणे!" थिएन-लाय मध्ये घुसले. "आमच्या घरची सून आहे ती! तुमच्या होडीत कशाला बसेल?"

"आत्ता बसलीच होती की," चिन-फू म्हणाले.

मी संधी सोडते होय? "भावजी, मग तिनं कुठं यायचं? सगळ्यांसमोर सांगा."

"आपल्याच धक्क्यावर. पाचला. पुढच्या वर्षी मी हिचे पाय होडीला बांधणार आहे."

"बांधा काका," पेई-रोंग केसांचं पाणी पिळत म्हणाली, "पण उद्या कशाला? आज दुपारी नदी रिकामीच आहे ना?"