सही ज्याची त्याने करावी

किस्से जमायला माणसं रिकामटेकडी असावी लागतात, हा गैरसमज आहे. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेत कारकुनी केली. माणसं घाबरलेली असली आणि घाबरल्याचं कुणालाच कबूल करायचं नसलं, की किस्से आपोआप जमतात. चौकशी समिती येणार असली की आमच्या कचेरीत आठवड्याला चार तरी व्हायचे. निवृत्तीनंतर मुलाकडे कॅनडात, व्हिटबीला आलो, तर इथेही तेच! सध्या ते वैशाली कारंजकरच्या बेसमेंटमध्ये जमताहेत.

वैशाली मूळची नागपूरची, इथे फार्मासिस्ट. जवळचं वॉक-इन क्लिनिक, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय जायचा दवाखाना, बंद पडल्यापासून लोक तिच्याच काउंटरवर येऊन विचारतात, "ताई, छातीत दुखतंय, कुठली गोळी घेऊ?" दोन वर्षं तिने उत्तरं दिली, मग वैतागून ठरवलं की क्लिनिक परत आणायचं तर प्रांताच्या विधानसभेतच जायला हवं. इथे तिकीट वरून येत नाही. पक्षाचे स्थानिक सभासद आधी मतदान करून उमेदवार निवडतात. निदान तसं सांगतात. म्हणजे आधी सभासद गोळा करणं आलं, आणि तिथेच आमचा घोटाळा झाला.

*

गणेशोत्सवात शाळेच्या जिममध्ये महाप्रसादाची रांग लागली होती आणि रांगेशेजारी आमचं सभासद नोंदणीचं टेबल. फॉर्मवर ठळक छापलेलं, सही ज्याची त्याने करावी.

पहिले आले जोशीभाऊ. हा गृहस्थ घरातला प्रत्येक फॉर्म स्वतः भरतो. मुलांच्या स्कूल ट्रिपचा, बायकोच्या पासपोर्टचा, आईच्या फ्लू शॉटचा. त्यांनी पाच फॉर्म उचलले आणि पाचही सह्या स्वतःच ठोकल्या. वैशाली शेजारीच उभी होती. हसून म्हणाली, "घरचंच आहे, चालतंय!" मग रांगेतल्या इतर कर्त्या पुरुषांनाही हुरूप आला.

तुम्ही म्हणाल, टेबलामागे तीस वर्षं मुरलेला कारकून बसला होता, त्याने काय केलं? जोशीभाऊंचं पेन चालत नव्हतं. मी माझं दिलं!

*

नोव्हेंबरात कुणीतरी ते फॉर्म स्थानिक पेपराकडे पोहोचवले. पहिल्या पानावर वैशालीचा फोटो, खाली 'बनावट सह्या'. त्या दिवशी बेसमेंटमध्ये सल्लागारांची गर्दी झाली. विड्रॉ कर म्हणणारे सात, थांब म्हणणारा मी एकटा. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, ते सोडा.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष देव म्हणाले, "वैशाली, समाजाचं नाव खराब होतंय. मी यावर काहीही बोलणार नाही." आणि पाऊण तास बोलले.

वैशालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चूक झाली. माझ्यासमोर झाली, मी हसले. हे मी उद्या पेपरात लिहून देणार. पण क्लिनिक बंद आहे ते माझ्या चुकीने नाही. मी हटणार नाही. ज्याला हटायचंय त्याने हटावं, बूट वर दाराशी आहेत."

देव उठून गेले. त्याच रात्री प्रचाराच्या ग्रुपमधूनही बाहेर पडले. चौथ्या दिवशी मला फोन. "नाना, मी आता न्यूट्रल आहे. ग्रुपवर काय काय येतंय, ते तेवढं मला रोज सांगत जा."

*

वैशालीने खरंच लिहून दिलं. त्या सगळ्या सह्या रद्द समजा, मी घरोघरी जाऊन नवे फॉर्म आणते. पक्षाने दहा दिवसांची मुदत दिली. कापडी पिशवीत फॉर्म घेऊन आम्ही दोघं निघालो. बर्फ पडायला लागला होता, आणि माझ्या मुलाने विंटर टायर्स अजून बसवले नव्हते, म्हणून गाडी वैशालीची.

पहिलं घर अर्थात जोशींचं. सुषमावहिनींनी फॉर्म हातात घेतला आणि चष्मा लावून वाचायला बसल्या. लग्नानंतर त्यांच्या हातात कोरा फॉर्म आलेला बहुतेक पहिलाच. खालची बारीक अक्षरंसुद्धा सोडली नाहीत. दहा मिनिटांनी मान वर केली.

"वैशाली, सभासद झाल्यावर मत तुलाच द्यावं लागतं का गं?"

"नाही वहिनी. कुणालाही देता येतं. गुप्त असतं."

"यांनाही कळत नाही?"

"नाही."

वहिनींनी झोकात सही केली. जोशीभाऊंना चहाचा ठसका लागला तो आम्ही निघेपर्यंत थांबला नव्हता.

*

त्याच घरात जोशीभाऊंच्या मातोश्री, वय ब्याऐंशी. हात थरथरत होता, पहिलं अक्षरच जमेना. मला वाईट वाटलं. मी हळूच म्हटलं, "आजी, अंगठा चालतो का, विचारू का पक्षाला?"

आजींनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सव्वीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी. तुझ्यासारख्या कारकुनांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करण्यात निम्मी गेली. गप्प बस."

सही व्हायला चार मिनिटं लागली. तेवढा वेळ मी उभा होतो.

*

इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडत होतो. पक्षातल्याच दुसऱ्या इच्छुक उमेदवाराचा एक कार्यकर्ता शेजारी येऊन उभा राहिला. गोड आवाजात म्हणाला, "अंकल, सुना है आपकी मैडम विड्रॉ कर रही हैं?"

"किससे सुना, बेटा?"

"सब बोल रहे हैं."

मी म्हटलं, "सबने खुद बोला है, या किसी एक ने सबकी तरफ से?"

त्याने भेंडी न घेताच काउंटर गाठला.

*

नव्या सह्या मुदतीत पोहोचल्या. दोन घरं गळाली, बाकीची राहिली. मतदान पुढच्या शनिवारी. आणि या रविवारी दुपारी पक्षाच्या ऑफिसातून ग्रेग आला. उंच, अतिशय सभ्य माणूस, हातात डोनटचा डबा. बेसमेंटमध्ये वैशाली, मी आणि जोशीभाऊ पाकिटांवर पत्ते चिकटवत होतो. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगतो.

ग्रेग म्हणाला, पक्षाला तुझ्याबद्दल प्रचंड आदर आहे. मी लगेच सावध झालो. आमच्या कचेरीत हे वाक्य बदलीच्या ऑर्डरआधी यायचं.

मग त्याने फोल्डरमधून एक टाइप केलेला कागद काढून वैशालीसमोर ठेवला. 'मी, वैशाली कारंजकर, पूर्ण विचारान्ती आणि कुटुंबाला वेळ देण्यासाठी माझी उमेदवारी मागे घेत आहे.' पुढे दोन परिच्छेद, तिने पक्षाचे मानलेले आभार. खाली सहीपुरती रेघ.

वैशालीने कागद सावकाश वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग तो जोशीभाऊंपुढे सरकवला.

"भाऊ, एवढी माझ्या वतीने करून टाका."

आणि सवय बघा! जोशीभाऊंचा हात खिशात गेला, पेन बाहेर आलं, टोपणही निघालं.

ग्रेग खुर्चीतून उठलाच. "नो, नो, नो! हे तिनेच करायला हवं! स्वतः, तिच्या हाताने!"

"बरोबर आहे," वैशाली म्हणाली. "आणि लिहिलंय कुणी?"

ग्रेगने कागदाकडे पाहिलं. मग डोनटकडे. मग कागद फोल्डरमध्ये परत गेला.

जोशीभाऊंनी टोपण लावलं आणि गणपतीपासून त्यांच्या खिशात असलेलं माझं पेन मला परत केलं.