त्रिविक्रम मास्तरांचा नमुना पाठ

त्रिविक्रम मास्तरांच्या हाताखालून गेलेला मुलगा इंग्रजीत नापास झाल्याचं बेंगळूरच्या चिकपेटेत कुणी ऐकलं नव्हतं. तसा धड बोटांनी बाहेर पडलेला मुलगाही विरळाच. टेबलाखाली मिठाच्या पाण्याचं मडकं असे आणि त्यात चिंचेच्या दोन फोका भिजत घातलेल्या. चूक झाली की मास्तर बोलावतही नसत. एकाला उत्तर आलं नाही की ज्यांना ज्यांना येत नसेल त्या सगळ्यांनी तळवा वर करून हात पुढे धरायचा, डोळे मिटायचे. हात मागे घेतला तर दुप्पट मार. शिंप्याच्या उमाजीने एकदा घेतला, तेव्हा फोक करंगळीवर बसली आणि हाड मोडलं. करंगळी वाकडी ती वाकडीच राहिली. त्याचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत आला, तो मास्तरांचे आभार मानायला. अशा बापाला काय बोलणार?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे मास्तरांचं आवडतं वाक्य. देव किती घडले कोण जाणे, घावांची मात्र कधी टंचाई पडली नाही.

मास्तरांना स्वतःला ते घाव थोरल्या भावाने घातले होते. वडील गेल्यावर शेषगिरी अण्णाने घर सांभाळलं आणि धाकट्याकडून इंग्रजी घोटून घेतलं, ते कमरेच्या पट्ट्याने. रडलं तर त्या दिवशी जेवण नाही. मास्तर बेचाळीस वर्षांचे झाले तरी अण्णाच्याच घरात, वरच्या खोलीत राहत होते, आणि अण्णा अजूनही हाताला येईल ते फेकत होता. त्या वर्षी गौरीच्या जेवणात भात गार आला म्हणून त्याने पितळी तांब्या भिरकावला. तो मास्तरांच्या बायकोच्या, कावेरीच्या कपाळावर बसला. भळभळा रक्त आलं, चार टाके पडले. मास्तरांनी पानावरचा भात संपवला आणि मग उठले.

सकाळी कपाळाला पट्टी बांधलेली कावेरी म्हणाली, "मला या घरातून न्या. कुठेही, पण लांब. नाहीतर मी होसकोट्याला माहेरी जाते. एकदा गेले की परत येणार नाही."

अठ्ठावन्न साल होतं. इथिओपियाला इंग्रजीचे मास्तर हवे होते, नोकरीबरोबर राहायला घर मिळणार होतं. मास्तरांनी अर्ज धाडला. तिकडचा अधिकारी बेंगळूरला येणार आणि वर्गात बसून एक पाठ बघणार, असं उत्तर आलं. मुख्याध्यापक भगवंतराव म्हणाले, "पोरांवर हात उगारलेला त्या साहेबाला खपत नाही म्हणतात. स्वल्प जपून."

मास्तर जपले. मडकं अडगळीच्या खोलीत गेलं. आठ दिवस त्यांनी मुलांना हसायला शिकवलं, स्वतःही आरशासमोर हसून पाहिलं. कावेरीने ट्रंक भरून ठेवली.

करड्या कोटातला तो म्हातारा अधिकारी मागच्या बाकावर बसला. पाठ छान रंगला. मास्तर हसले, मुलं हसली. मग मास्तरांनी उमाजीला गोष्टीतल्या नावाड्याबद्दल काहीतरी विचारलं. उमाजी अडला. त्याने वाकड्या करंगळीचा हात पुढे धरून डोळे मिटले. शेजारच्याने धरला. मग त्याच्या मागच्याने. बघता बघता सगळा वर्ग तळवे पसरून, डोळे मिटून बसला.

सगळं शिकवलं होतं, हात पुढे करू नका एवढंच सांगायचं राहिलं होतं. कसं सुचणार? तो हात इतका रोजचा की मास्तरांना तो दिसतच नसे.

अधिकारी उठला. उमाजीची करंगळी त्याने बोटांत धरून पाहिली. मग मास्तरांपाशी आला, आभार मानले आणि निरोपाचा हात पुढे केला. मास्तरांचाही हात पुढे झाला, पण तळवा वर. डोळे घट्ट मिटलेले. अधिकाऱ्याने तो हात हळूच आडवा केला, दाबला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुम्हाला नाही बोलावता येणार. वाईट वाटतं."

घरी कावेरी जिन्यातच उभी होती. "काय झालं?" तिने विचारलं. खालून अण्णा खो खो हसला, "काय होणार? ह्याला कोण नेतो?"

अण्णाकडे वळून बघायची छाती मास्तरांची बेचाळीस वर्षांत झाली नव्हती, तशी आजही झाली नाही. त्यांनी कावेरीच्या तोंडात मारली. कपाळ जिन्याच्या कठड्यावर आपटून टाक्यांची खूण पुन्हा फुटली, रक्त भुवईवरून गालावर आलं. आजवर त्यांनी तिला बोट लावलं नव्हतं. ती रडली नाही. पदराने कपाळ दाबलं, ट्रंक उचलली आणि अण्णाच्या समोरून होसकोट्याच्या मोटारीला चालती झाली. ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात शिरले तेव्हा मडकं टेबलाखाली जागच्या जागी होतं, ताजं मीठ-पाणी घातलेलं, दोन्ही फोका भिजत पडलेल्या. उमाजीने ते लवकर येऊन ठेवलं होतं.