रुमाबाबांचे तळवे

"चप्पल नाही घालणार," रुमाबाबा म्हणाले आणि उठून चालायलाच लागले.

मी सातपुड्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे गावपातळीवरची आरोग्य अधिकारी. लोक मला सिस्टरच म्हणतात. त्या दिवशी रुमाबाबांच्या तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवून पाहिला होता. शुगरने नसा बधिर झाल्या की तो टेकलेला कळत नाही. बाबांना कळला नाही. अशा पायात काटा घुसला तर आतल्या आत पिकतो, आणि पाय कापायची वेळ येते.

त्यात बाबांनी काठी गावच्या होळीचा नवस धरलेला. नातू दुखण्यातून उठला म्हणून. नवस फिटेपर्यंत अनवाणी राहायचं, जमिनीवर झोपायचं, अंघोळ नाही, बाईचा स्पर्श नाही. म्हणजे दोरा टेकवण्यापलीकडे मला पायाला हात लावून तपासताही येणार नव्हतं. असली वैतागले मी.

तालुक्याच्या सरांना फोन लावला.

"काउन्सेलिंग करा."

"केलं सर."

"मग ऐकत नाही असं लिहून अंगठा घ्या."

अंगठा घेऊन मी काय करू? मला पाय वाचवायचा होता.

आमचा शुगरवाल्या म्हाताऱ्यांचा ग्रुप आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावर जमतात आणि गोळ्या चुकवल्या म्हणून एकमेकांना टोचून बोलतात. त्यातल्या डोंगऱ्याबाबांची दोन बोटं अशाच काट्यापायी गेलेली. त्यांच्या कानावर घातलं. ते तडक रुमाबाबांच्या घरी गेले, आपला पाय पुढे केला.

"नवस मोडू नको. मीपण धरायचो. पण रोज संध्याकाळी तळवा मला दाखवायचा."

"तुला काय दिसतंय, म्हाताऱ्या?"

"नाही दिसलं तर हात फिरवीन."

रोज फिरवला. आणि सापडला बाभळीचा काटा. दोघं उपकेंद्रावर आले. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून सांगत गेले. डोंगऱ्याबाबांनी हातमोजे घालून काटा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. धुताना रुमाबाबा कचरले.

"औषधाला अंघोळ म्हणत नाहीत. गप बस," डोंगऱ्याबाबांनी दटावलं.

जखम सुकेपर्यंत त्यांना अंगणाबाहेर हलू दिलं नाही. होळीला रुमाबाबा कमरेला घुंगरं बांधून काठी गावात नाचले. नवस फिटल्यावर अंघोळ करून आले आणि पाय माझ्यासमोर ठेवला. धडधाकट. खरं सांगते, छाती फुगली माझी. हा ग्रुप मी जमवलाय.

शुगरच्या पायाला सिस्टर लागतेच, पण आधी जवळचा म्हातारा लागतो. यंदा डोंगऱ्याबाबांनी नवस धरलाय. बोटं गेल्यापासून त्यांची हिंमत झाली नव्हती. त्यांचे तळवे रुमाबाबा बघतात.