गालाखालची सावली

मैत्रिणींनो, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आज नाशिक रोडला एका नवरीचा मेकअप होता. प्रज्ञा नाव तिचं. चेहरा गोल, भरलेला. म्हणाली, "ताई, गाल जरा बारीक दिसू देत. फोटोत फार गुबगुबीत येतात."

मी नेहमीसारखं कॉन्टूर केलं. गालांखाली गडद शेड, वर हाडावर हायलायटर. चेहरा छान कोरीव दिसायला लागला.

तेवढ्यात तिची आई गजरे घेऊन आली आणि दारातच थबकली. "पुसा ते! मॅडम, आधी पुसा!"

मी घाईने टिश्यू उचलला, तर प्रज्ञाने माझा हात धरला. "माझी मोठी बहीण आजारपणात गेली, ताई. शेवटी तिचे गाल असेच आत गेले होते."

मग आरशातून आईकडे बघत म्हणाली, "पुसतील त्या, आई, पण आधी एकदा बघून घे ना. माझ्या लग्नात नाचणार होती ती."

आई जवळ आली. गालाला हात न लावता तिने नुसती हवेत बोटं फिरवली. "जेवलीस का गं?" तिने विचारलं. दोघी बहिणींपैकी कुणाला, ते मला कळलं नाही.

मी सगळं पुसलं आणि गाल पुन्हा गोल, गुलाबी केले. लग्न छान लागलं.

पण तो चेहरा माझ्या हातांनी पुसला गेला, हे डोक्यातून जात नाहीये. अजून थोडा वेळ राहू द्यायला हवा होता का? तुम्ही काय केलं असतं?